टॉकीज गेली, चौकाचे नाव उरले

मा. संपादक महोदय,

सीताबर्डीच्या व्हेरायटी चौकातून रोज हजारो नागपूरकर जातात. हे नाव एका टॉकीजचे होते, हे मात्र आता मुलांना सांगावे लागते. 35 मिमीच्या रिळांचे डबे जाऊन चित्रपट उपग्रहावरून आणि हार्ड डिस्कवर येऊ लागले, तेव्हा प्रोजेक्टरमध्ये जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा प्रकाश नीट राखत, दोन प्रोजेक्टरांवर रिळे बदलताना प्रेक्षकाला सांधा कळू न देणाऱ्या ऑपरेटरचे कसब एकाएकी निरुपयोगी ठरले. त्याची नोंद आपण ठेवली नाही, याचे मला टॉकीजच्या इमारती पडण्याहूनही अधिक दुःख आहे.

22 सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. परंतु हजारभर खुर्च्यांच्या सभागृहात दुपारच्या खेळाला वीस-पंचवीस माणसे असतील, तर तेवढ्याने वीजबिलही भागत नाही. म्हणून बंद टॉकीजच्या जागी संकुल उभारताना तिथे लहानसे, परवडणाऱ्या तिकिटाचे चित्रपटगृह राखावे, मराठी चित्रपटांना संध्याकाळचा खेळ द्यावा आणि जुना प्रोजेक्टर भंगारात न घालता दर्शनी भागात मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक जुना प्रेक्षक, नागपूर