मापपट्टी टोपलीला नको, जाळ्याला लावा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. बाजारात एका कोळणीच्या पाटीत पापलेटची पिल्ले होती. तळहातावर तीन-चार मावतील एवढी. शंभर रुपयांचा वाटा, वाट्यात वीसेक पिल्ले. मी थांबले तेव्हा तिने आधी माझ्या हातात मोजपट्टी आहे का ते पाहिले. मग म्हणाली, ‘‘बाय, डोलीत आली ती आली. आता परत पाण्यात टाकून जिती होणार का?’’

मला उत्तर देता आले नाही. मी स्वतः पालघर जिल्ह्यातल्या कोळ्याच्या घरातली. माहेरी डोल, म्हणजे प्रवाहात बांधायचे जाळे होते, शिक्षण आणि पुढे शाळेतली नोकरी त्याच डोलीच्या पैशावर झाली. म्हणून हे पत्र बाहेरच्या माणसाचे समजू नये.

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले. सातपाटीपासून डहाणूपर्यंत लोकांना खरोखर आनंद झाला. नोव्हेंबरमध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकाराची अधिसूचना निघाली. त्यात पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. वीतभरही नाही. याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. हा नियम हवाच होता. उशिरा आला, पण आला. मोठे पापलेट आज किलोला हजार रुपयांच्या पुढे जाते आणि त्याचीच पिल्ले शंभर रुपये वाट्याने संपतात, हे पाहून कोणत्याही नाखव्याचा, म्हणजे नौकामालकाचा, जीव तुटतो.

माझे म्हणणे एवढेच की हा नियम मासा मेल्यावर सुरू होतो. मिलिमीटर मोजायला मासा हातात यावा लागतो आणि हातात येईपर्यंत तो मेलेला असतो. मग कारवाई सोपी कुणावर? पाटी घेऊन बसलेल्या बाईवर. तिने जाळे विणलेले नाही, तिने ते टाकलेलेही नाही. ती पहाटे जेट्टीवर लिलावात जे मिळाले ते घेऊन आली.

डोलीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बातम्यांत ‘पारंपरिक मासेमारी’ एवढे म्हणून पुढे जातात. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखे जाळे. खुंटांना किंवा नांगरांना बांधून ते प्रवाहाच्या तोंडाशी लावतात. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या, भरती-ओहोटीत पाणी आपणहून आत शिरते आणि पाण्याबरोबर जे वाहत येईल ते शेवटच्या खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या बंद टोकात, जमते. तोंडाशी आस, म्हणजे जाळ्याचे भोक, मोठी असते, मागे मागे ती बारीक होत जाते आणि खोल्यात अगदी बारीक. ती बारीक असते ती लोभापायी नव्हे. डोलीची खरी मासळी म्हणजे जवळा, करंदी, मांदेली, बोंबील. जवळा पूर्ण वाढला तरी बोटाच्या पेरापेक्षा फार मोठा होत नाही. खोल्याची आस वाढवा असे सांगणे म्हणजे जवळा सोडून द्या असे सांगणे. आणि जवळा गेला की वर्षभराचे सुकवणे गेले, सुकी मासळी विकून घर चालवणाऱ्या बाया गेल्या.

पण त्याच खोल्यात पापलेटची पिल्लेही येतात, हेही तितकेच खरे आहे. आमच्यातले पुष्कळ जण ते कबूल करायला तयार नसतात. प्रखर दिव्यांनी मासे गोळा करणाऱ्या एलईडीवाल्यांनी समुद्र रिकामा केला, मोठ्या घेराच्या जाळ्याच्या पर्ससीनवाल्यांनी नेले, जाळे ओढत नेणाऱ्या ट्रॉलरने तळ खरवडला, असे सगळे सांगतात आणि त्यात तथ्य आहे. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, राज्याने २०२१ मध्ये कायदा सुधारून दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत नेला, तरी रात्री समुद्रात दिवे दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. तरीही आपल्या खोल्यातली पिल्ले ही आपलीच जबाबदारी आहे. माझे वडील हे उघड बोलत, आणि त्यावरून आळीत भांडणे होत.

जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात झाली. नौका कुठे आहे, परवान्याची आहे का, बंदीच्या हद्दीत शिरली का, हे ड्रोनला दिसते. त्याचा उपयोग आहे. पण पाण्याखालच्या जाळ्याची आस ड्रोनला दिसत नाही. ती जाळे बंदरात असतानाच मोजता येते. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस नौका किनाऱ्यावर असतात, जाळी सुकत असतात, दुरुस्त होत असतात. तपासणीला याहून सोयीचा काळ कोणता? ट्रॉलरच्या खोल्यापासून सुरुवात करावी. तिथे तांत्रिक उत्तर हाताशी आहे. नेहमीची तिरकी आस ओढ बसली की मिटते आणि बारीक मासा आतच अडकतो. चौकोनी आस ओढीतही उघडी राहते आणि पिल्ले निसटतात. संशोधन संस्था ४० मिलिमीटरची चौकोनी आस कितीतरी वर्षे सुचवत आहेत. जाळे बदलायला पैसा लागतो, तो निम्मा-अर्धा सरकारने द्यावा आणि मग तपासणीत सवलत देऊ नये.

केरळने किमान आकाराचा नियम आपल्या आधी, २०१५ मध्ये, १४ जातींपासून सुरू केला आणि पुढे ५८ जातींपर्यंत नेला. तिथे किळिमीन, म्हणजे आपला राणी मासा, नंतर वाढल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवले आहे. म्हणजे नियम पाळला तर समुद्र परतफेड करतो.

डोलीसाठी मात्र आस हे उत्तर नाही, वेळ आणि जागा हे आहे. पिल्ले सगळ्या समुद्रात सगळा काळ नसतात. पावसाळा ओसरताना उथळ पाण्यात कुठल्या कवीत, म्हणजे डोल लावायच्या जागेत, ती जास्त येतात, हे नौका चालवणाऱ्या तांडेलांना पाठ असते. त्या ठरावीक ठिकाणी हंगामाच्या सुरुवातीची दोन उधाणे डोल लावायची नाही, एवढे ठरवले तरी फार मोठा फरक पडेल. ते मंत्रालयात बसून ठरवू नये. सातपाटीच्या सहकारी संस्था वर्षानुवर्षे वजनाच्या प्रतीनुसार पापलेट घेत आल्या आहेत, त्यांच्या वह्यांत मोठा मासा कसा कमी होत गेला याचा हिशेब आहे. त्या वह्या, तांडेलांची माहिती आणि शास्त्रज्ञ एका टेबलावर आणावेत.

आणि त्या दोन उधाणांचे पैसे द्यावेत. इथेच आजवरच्या सगळ्या चांगल्या योजना अडतात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराने १५०० रुपये साठवायचे, केंद्र व राज्याने मिळून ३००० घालायचे आणि मासेमारी नसते त्या तीन महिन्यांत महिन्याला दीड हजार हाती द्यायचे, अशी तरतूद आहे. दीड हजारात घराचा महिना निघत नाही, खलाशांची उचल तर दूरच. पाणी समोर आहे, जाळे तयार आहे, चूल पेटवायची आहे. अशा वेळी पिल्लांसाठी थांबा म्हणणे सोपे नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत सवलती मिळतील असे सांगण्यात आले. शेतकऱ्याचे पीक गेले की पंचनामा होतो, मदत जाहीर होते. उद्याच्या माशासाठी आजची मासळी सोडणाऱ्या डोलकऱ्याचे नुकसानही त्याच हिशेबात का बसू नये? डहाणूजवळच्या वाढवण बंदराच्या कामाची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, तिथल्या कवींचे काय होणार हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. पण ज्यांच्या जागा आधीच आकसत आहेत त्यांच्याकडे आणखी त्याग मागताना सरकारने रिकाम्या हाताने येऊ नये.

ग्राहकांनाही एक विनंती. वाट्यातली पिल्ले घेऊ नका. भजी चांगली होतात, मला माहीत आहे, आम्हीही लहानपणी खाल्ली. पण विकत घेणारा नसला तर लिलावात बोली लागणार नाही, आणि बोली लागली नाही तर नाखवा दुसऱ्या दिवशी जागा बदलेल. बाजारात हे फार लवकर कळते.

मत्स्यव्यवसाय विभागाने येत्या पावसाळी बंदीतच प्रत्येक बंदरावर संस्थांची बैठक घ्यावी, ट्रॉलरची जाळी तिथेच मोजावीत आणि १ ऑगस्टपूर्वी बंद ठेवायच्या कवींची यादी व भरपाईची रक्कम दोन्ही एकाच फलकावर लावावे. तोवर पाटीवाल्या बायांच्या मागे मोजपट्टी घेऊन फिरणे थांबवावे, ही नम्र विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. पालघर