जळालेल्या चित्रांची कादंबरी कधी?

महोदय,

रॉबर्ट गिल म्हटले की आपल्याकडे लगेच त्याची आणि अजिंठ्याच्या पारोची प्रेमकथा सुरू होते. ती असू द्या. अजिंठा गावातली १८५६ची तिची कबर पाहून मीही गलबललो आहे. पण कंपनी सरकारच्या या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून लेण्यांत बसून, अंधारात डोळे फोडून तिथल्या भित्तिचित्रांच्या ज्या तैलरंगी नकला केल्या, त्यांचे काय झाले? त्या विलायतेला गेल्या आणि १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाच्या आगीत बहुतेक खाक झाल्या. गडी पुन्हा कुंचला घेऊन लेण्यांत! पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून नव्याने नकला काढल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनला आगीतच गेल्या.

ऐतिहासिक कादंबरीला आणखी काय हवे? नायक माणूस नको, एक नक्कलच हवी: मूळ भिंतीपासून लंडनच्या राखेपर्यंत. आणि त्यात मशाल धरणारे, रंग घोटणारे, शिधा पोहोचवणारे आसपासचे लोकही यावेत. त्यांची नावे इतिहासात नाहीत, म्हणूनच ते काम कादंबरीकाराचे.

गिल १८७९ साली वारला, त्याची कबर आमच्या भुसावळात आहे. जंक्शनवर गाडी बदलणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते? केळी आणि भरिताच्या वांग्यांपलीकडेही खान्देशात लिहिण्याजोगे आहे. कोणी लिहिणारा आलाच, तर कबरीपर्यंत मी स्वतः घेऊन जाईन.

– एक वाचक, भुसावळ