मॉनेस्टरीला जायच्या आधी वाच

प्रिय मनू,

रविवारी तू "आई, प्लीज, गुगल करणं बंद कर" म्हणालीस आणि मी फोन बाबांकडे दिला, तो काही रागाने नाही. म्हणजे थोडा राग होताच. मग पुढची दहा मिनिटं तू त्यांना डायव्हिंगच्या नवीन ड्रायसूटचं, त्या थंड पाण्यात अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखाचं, कौतुक सांगत होतीस आणि हे "वा वा" करत होते. नंतर विचारलं, ड्रायसूट म्हणजे काय हो, तर म्हणे रेनकोट. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू "हो आई, हो आई" करत राहतेस.

आधीच सांगते, जाऊ नको म्हणायला लिहीत नाहीये. तेहतीस वर्षांच्या मुलीला जाऊ नको म्हणून काय उपयोग, आणि मामाच्या विहिरीत कमरेला दोर बांधून तुला सोडणारी मीच. आज्जी काठावर उभी राहून मला शिव्या देत होती आणि तू खालून ओरडत होतीस, अजून खोल, अजून खोल. तेव्हा पाणी तुझ्या अंगातच आहे. पण डायव्हिंगला कुठे जाणार तर तू मला नुसतं कॅलिफोर्नियातलं मॉनेस्टरी बीच सांगितलंस, समोर नन्सचा मठ आहे म्हणालीस, केवढं पवित्र वाटलं ऐकून. तिकडचेच डायव्हर त्याला मॉर्च्युरी बीच, म्हणजे शवागाराचा किनारा, म्हणतात हे मात्र गाळलंस.

वाचलं मी सगळं. कार्मेलची ती समुद्राखालची दरी म्हणे किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन भिडते, त्यामुळे लाटेला अडवायला उथळ पाणीच नाही, ती आहे त्या जोराने येते आणि थेट काठावर फुटते. वर वाळू जाडी आणि उतार तीव्र, पाय ठेवला की खालून वाळू सरकते. पंचवीस-तीस किलोचं सामान अंगावर घेऊन पडलं की उठायच्या आत दुसरी लाट. आपल्याकडे गणपतीपुळ्याला काय होतं ते मी कॅज्युअल्टीला ड्युटी असताना बघितलंय, गुडघाभर पाण्यात उभी असलेली धडधाकट पोरं, पोहता येणारी. त्यांच्या आयांना बाहेर बाकावर बसवून पाणी द्यायचं काम माझ्याकडे असायचं. असो.

तर तुमच्यातलेच लोक सांगतात ते ऐक, मधून उतरायचं नाही, उत्तरेच्या नाहीतर दक्षिणेच्या टोकाने उतरायचं. आधी काठावर बसून बराच वेळ लाटा बघायच्या, पाच मिनिटं शांत दिसलं म्हणून भुलायचं नाही, कारण लांबून आलेल्या मोठ्या लाटा मध्ये भरपूर वेळ सोडून एकदम येतात. बाहेर येताना चार पायांवर रांगत यायचं आणि लाटेच्या टप्प्याबाहेर पोचेपर्यंत तोंडातलं रेग्युलेटर, ते टाकीतली हवा देणारं, आणि डोळ्यावरचा मास्क काढायचा नाही. लाज वाटली तरी रांग. तू रांगायला लागलीस तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

खरं सांगायचं तर समुद्रापेक्षा मला तुझ्या भिडस्तपणाचीच धास्ती जास्त आहे. पंगतीत वाढपी समोर उभा राहिला की तुला नको म्हणता येत नाही. सातवीत खो-खोच्या मॅचला बोट मोडलेलं असताना तू पूर्ण मॅच खेळलीस, एक भिडू कमी पडेल म्हणून. संध्याकाळी घरी आलीस तेव्हा बोट वांग्यासारखं झालं होतं आणि वर मलाच म्हणालीस, सरांना सांगू नको. मी तेव्हा तुला रागावले, आणि शेजारी दहा जणांना अभिमानाने सांगितलं सुद्धा. आता तोच अभिमान घशात अडकतो. तुझ्या त्या ग्रुपमध्ये सगळे तुझ्यापेक्षा जुने, गाडी त्यांची, पहाटे उठून दोन तास ड्राइव्ह करून गेलेले, आणि काठावर उभं राहिल्यावर तुझ्या पोटात गोळा आला तर तू बोलशील का? मला नाही वाटत बोलशील.

तूच सांगितलं होतंस ना, नियम आहे, कोणीही, कधीही, काहीही कारण न देता डाईव्ह रद्द करू शकतं आणि कोणी विचारायचं नाही. आणि पाण्याखाली अंगठा वर केला की वर चला, संपलं, सगळ्यांनी. तू माझ्या प्रत्येक मेसेजला अंगठा पाठवतेस, तिकडे पण तेवढ्याच सढळ हाताने दाखव म्हणजे झालं.

थंडीचं पण बोलायचंय, आणि ते मी आई म्हणून नाही, सिस्टर म्हणून बोलते. दहा-बारा डिग्रीचं पाणी म्हणजे अंगातली उष्णता हवेपेक्षा पंचवीस पट वेगाने जाते. आधी बोटं बधिर होतात, म्हणजे क्लिपा, बटणं, पाण्याखाली जायला कमरेला बांधलेला शिशाच्या वजनाचा पट्टा सोडणं, सगळं जड होतं, आणि मग डोकं मंदावतं, तेव्हा माणसाला वाटत राहतं आपण ठीक आहोत. त्यात अजून एक प्रकार आहे जो मला माहीत नव्हता, निरोगी माणसाच्या फुफ्फुसात पाण्याखाली पाणी भरतं. थंडीने हातापायाच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे येतं, फुफ्फुसातला दाब वाढतो. वॉर्डात एडेमाचे पेशंट मी रात्र रात्र बघितलेत, पण ते हार्टचे, म्हातारे. इथे तिशी-चाळिशीतली पोहणारी माणसं. आणि त्यांना वाटतं रेग्युलेटरच हवा देत नाहीये. दम लागला, खोकला आला, की तो थकवा समजायचा नाही, वर यायचं, पाण्याबाहेर यायचं, ऑक्सिजन घ्यायचा. बीपी असेल तर धोका जास्त. तू मागच्या दिवाळीत आलीस तेव्हा मी मोजलं होतं, १३८/८८. जेट लॅग आहे म्हणालीस. तुझ्या बाबांना चाळिशीत सुरू झालं, अण्णांना त्याच्याही आधी. डायव्हिंगच्या फॉर्मवर बीपीपुढे "नाही" वर टिक केलीस ना? मला माहितीये केलीस.

हे सगळं लेक्चर झालं. सॉरी. रिटायर होऊन पण राउंड घ्यायची सवय जात नाही, बाबा म्हणतात यांना बेड नंबर देऊन टाका एकेक. तुला माहीत नाही असं मी यात काही लिहिलेलं नाही हेही कळतंय मला.

आम्ही तिकडे आलो होतो तेव्हा मॉन्टेरीच्या त्या मत्स्यालयात केल्पच्या, म्हणजे त्या उंच समुद्री शेवाळाच्या, तीन मजली टाकीसमोर तू काचेला नाक लावून उभी राहिलीस. आत डायव्हर माशांना खायला घालत होता, लहान पोरांच्या प्रश्नांना आतून माइकवर उत्तरं देत होता. बाबांचे पाय दुखायला लागले, मी म्हटलं चल आता, तर म्हणालीस, आई, हे सगळं इथे बाहेर आहे, खरंखुरं. मला वाटलं बघून भागेल. मग कोर्स केलास, मॉन्टेरीच्या ब्रेकवॉटरचे, त्या बांधाआडच्या शांत पाण्यातल्या डाईव्हचे, फोटो पाठवलेस, ओठ निळे आणि चेहरा इतका खूश की मी तो फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, आमची मनू. कुलकर्णी बाईंनी विचारलं भीती नाही वाटत का हो तुम्हाला, मी म्हटलं छे. त्या रात्री दोन वाजेपर्यंत अपघातांचे रिपोर्ट वाचले. पुन्हा पुन्हा तेच असतं बघ, हवा संपत आलेली, बडी, म्हणजे डाईव्हमधला जोडीदार, लांब गेलेला, आणि सापडतात तेव्हा कमरेचं शिसं तसंच. एवढं महागाचं वजन सोडून कसं द्यायचं असं वाटत असेल का गं त्यांना? की हातच चालत नसतील? सोडून दे. मी नवीन घेऊन देईन, पेन्शन आहे मला.

आणि तो ड्रायसूट. नवीन सूट आणि नवीन जागा एकाच दिवशी, हे मला पटत नाही. तूच बाबांना सांगत होतीस की त्यातली हवा पायाकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर फेकला जातो. मग ते आधी ब्रेकवॉटरला दोन-चारदा कर, तिथे निदान सरळ चालत बाहेर तरी येता येतं. मॉनेस्टरी काही पळून जात नाही. म्हण त्यांना, माझा सूट नवीन आहे, मी काठावर थांबते, तुमचे फोटो काढते. एवढं वाक्य म्हणायचंय फक्त. म्हणून बघ एकदा आरशासमोर.

बघ, परत तिथेच आले.

तिकिटाचं बाबांनी बघितलंय, तुझं विमान मंगळवारी रात्रीचं आहे. शेवटच्या डाईव्हनंतर अठरा तास तरी विमानात बसायचं नाही, सोमवार मोकळा ठेव, पॅकिंग कर. चकलीची भाजणी दळून आणलीये, लाडू तू आल्यावरच करू, नाहीतर हे संपवतात. रंजूमावशीला पण येऊ दे म्हटलंय, तिच्यासमोर हा विषय नको, प्लीज.

आणि उद्यापासून तीन दिवस बीपी मोज. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून. पट्टा बाहीवरून बांधू नकोस. आकडे मला पाठव, बाबांना नको, ते सगळ्यालाच वा वा म्हणतात.

आई