सुमे, ह्यांच्या डाव्या हाताचं काय करू?

देवरूख,
२० ऑक्टोबर

प्रिय सुमे,

ह्यांच्या किडनीचं हे प्रकरण फोनवर सांगण्यासारखं नाही. हे दिवसभर ओटीवर असतात आणि आमच्या घरात ओटीवरच्या माणसाला माजघरातलं सगळं ऐकू जातं. म्हणून पत्र. माझी शुगर काठावर, गुडघे कुरकुरतात, नणंदबाईंचं आहे तसंच आहे. तब्येतीचं एवढंच.

तर गेल्या महिन्यात कोल्हापूरला, हॉस्पिटलात, मध्यरात्री मी एका सिस्टरवर ओरडले. साधं नाही, नर्सिंगला आपल्या ट्यूटरबाई ओरडायच्या तसं. पोरगी तेवीस-चोवीसची असेल. सलाईनची सुई निघाली होती म्हणून नवी घालायला आली आणि सरळ ह्यांच्या डाव्या हाताला पट्टा बांधून मनगटाच्या वरची शीर चोळायला लागली. तीच गं, पुढे डायलिसिस लागलं तर म्हणून जपायची, जाडजूड, सरळ, तू बघितली असतीस तर डोळे भरून आले असते. "डावा नाही! उजव्या हाताच्या पाठीवर घे!" समोरच्या कॉटवरचे आजोबा उठून बसले. ती म्हणाली, "आजी, नातेवाईकांनी मध्ये बोलायचं नाही, बाहेर थांबा." आजी तर आजी, वर नातेवाईक! हे फक्त तुलाच कळेल म्हणून पहिल्यांदा हेच लिहिलं.

आता मुळापासून सांगते. गणपतीत ह्यांचं काय असतं ते तू बघितलंयस. घरोघरी भजन, मांडीवर पखवाज, रात्री कुठे उसळ कुठे वडे, पहाटेपर्यंत जागरण. मी तेव्हा लेकीकडे पुण्याला. चौथ्या दिवशी ह्यांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. ते कुणाला सांगितलं नाही, भजन बुडेल म्हणून. अंगात पाण्याचा थेंब नाही आणि गोळ्या मात्र नेमाने चालू: बीपीची टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, शुगरची मेटफॉर्मिन. मी आले तेव्हा माणूस खुर्चीतून उठत नव्हता आणि लघवी झाली कधी ते आठवत नव्हतं. तशीच गाडी केली आणि आंबा घाटाने कोल्हापूर गाठलं.

क्रिएटिनिन, किडनीने बाहेर टाकायचा तो कचरा, ५.८, आणि पोटॅशियम ६.१, हृदयाला धोका. ईसीजी, कॅल्शियम, ग्लुकोजमधून इन्सुलिन, सगळं धावपळीत झालं. डायलिसिस टळलं, देवाची कृपा आणि त्या रेसिडेंट डॉक्टर मुलाची. घरी आलो तेव्हा क्रिएटिनिन ३.६ वर थांबलं होतं, परवाही तेवढंच आलं. आधी २.१ होतं. गावात सगळे म्हणायचे, "दोनच की! नॉर्मल एक, ह्यांचं दोन, काय मोठंसं?" त्यांना काय सांगणार, क्रिएटिनिन हलायला लागतं तेव्हा निम्मं काम बंद पडलेलं असतं. तेव्हा ह्यांचं जीएफआर, म्हणजे किडनीची गाळायची ताकद, चौतीसच्या आसपास होतं, आता अठरा. स्टेज चार. पंधराच्या खाली पाच.

आणि पखवाजाची खोळ! हॉस्पिटलात न्यायला आधारकार्ड शोधत होते, ते खोळीच्या खिशात ठेवायची ह्यांची सवय. आत काय सापडावं? दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकची पाकिटं, अर्धी रिकामी. खांदा धरतो म्हणून बाजारातल्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, महिनोन् महिने. नर्सच्या नवऱ्याने, सुमे! दारूची बाटली सापडती तर मी एवढी भडकले नसते. दुखण्याची गोळी किडनीत येणारी रक्तवाहिनी आवळते, टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल सोडते, मग गाळणीवर दाब राहणार कुठून? त्यात लघवीची गोळी आणि जुलाब, दोघांनी पाणी पळवलं. पंधरा वर्षांची शुगर आणि बीपी हळूहळू पोखरत होतेच, ह्या चार दिवसांनी उरलेलं निम्म्यावर आणलं.

गंमत म्हणजे आता हे म्हणतात, "बघ, तुमच्या गोळ्यांनीच घात केला," आणि टेल्मिसार्टनच नको म्हणून बसलेत. एरवी तीच गोळी किडनीला जपते, फक्त जुलाब-उलट्या लागल्या की दोन-चार दिवस डॉक्टरला विचारून थांबवायची, हे मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलंय. डायक्लोफिनॅकबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत. ती बिचारी निर्दोष!

हॉस्पिटलातली तऱ्हा सांगते. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळ भेटायला आलं, प्रत्येकाच्या हातात शहाळं. कॉटखाली शहाळ्यांची रास. पोटॅशियम सहा असलेल्या माणसाला पोटॅशियमने भरलेलं शहाळं! बुवा म्हणतात, "वहिनी, अशक्तपणा आलाय, नैसर्गिक आहे हो." मी सगळी शहाळी वॉर्डातल्या मामा-मावश्यांना वाटली, त्यानंतर माझ्या पेशंटची चादर रोज बदलली जायची. शेजारच्या काकूंनी तर घरी कमी सोडियमचं मीठ आणून ठेवलं होतं. त्यात सोडियम काढून पोटॅशियमच घातलेलं असतं, पण पुडीवर हृदयाचं चित्र, मग कोण ऐकणार.

आणि इनटेक-आउटपुट चार्ट, पाणी किती आत गेलं आणि लघवी किती झाली त्याचा. आता तू हसशील. पॉट मावशींनी ओतून टाकलं, मोजलं कुणी नाही, आणि चार्टवर ६००. पुढच्या ड्युटीलाही ६००. माणूस आहे की पाण्याचं मीटर? मला तू आठवलीस. हो, तेच. मेडिकल वॉर्ड, नाईट ड्युटी, तुझे ते गोल आकडे आणि मी ट्यूटरबाईंना सांगितलं ते. तू मला चुगलखोर म्हणालीस, महिनाभर बोलली नाहीस, माझ्या साबणाच्या डबीत मीठ भरलंस. सुमे, अजूनही सांगते, माझंच बरोबर होतं. पण त्या पोरीची मी तक्रार केली नाही. एकटीच्या अंगावर अख्खा वॉर्ड होता, जेवायला बसलेली तिला मी एकदाही पाहिली नाही. त्यापेक्षा मी ह्यांना रोज सकाळी वजनकाट्यावर उभं करायला लागले. वाळलेला माणूस म्हणून सलाईन सुरू केलं होतं, ते लघवी सुटल्यावरही तसंच चालू. दोन दिवसांत तीन किलो वाढले. तीन किलो म्हणजे तीन लिटर पाणी, पायावर बोट दाबलं की खड्डा. रेसिडेंटला वजनाचा कागद दाखवला. मुलगा गुणी, कागद बघितला, छाती ऐकली, सलाईन बंद केलं. चार्टवर विसंबलो असतो तर पाणी फुप्फुसात जाईपर्यंत ६००च चालू राहिलं असतं.

आता खरी गोष्ट. डिस्चार्जच्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडून घ्यायचा, विचार करून ठेवा, डाव्या हाताला. डायलिसिस आज नको, सहा महिन्यांनी लागेल, दोन वर्षांनी लागेल, कदाचित आणखीही लांबेल. पण फिस्टुला तयार व्हायलाच दीड-दोन महिने जातात. ह्यांनी शांतपणे विचारलं, "मग पखवाज?" डॉक्टरांना वाटलं हे भाजीचं नाव आहे. मी समजावून सांगितलं, तेव्हा म्हणाले, त्या हातावर मार बसू द्यायचा नाही, वजन उचलायचं नाही, हळूहळू बघू. "बघू" म्हटल्याबरोबर ह्यांनी चप्पल घातली.

तेव्हापासून विषय काढू देत नाहीत. मी नाना तऱ्हांनी सांगितलं. धमनीला शीर जोडतात, शीर फुगते, जाड होते, बोट ठेवलं की आत घरघर लागते, त्या शिरेतूनच पुढे रक्त मशीनला जायचं. ऐनवेळी धाप लागून नेलं तर मानेत नळी घालतात, ती पिकते, तापाने माणूस फणफणतो. म्हणाले, "तू भीती घालतेस." मी भीती घालते! आपण दोघींनी मानेतल्या नळीचे किती पेशंट थंडीने कुडकुडताना बघितले, ते ह्यांना कसं दाखवू? धीर यावा म्हणून तुझं ते १९४३ सालचं सांगितलं, हॉलंडच्या कोल्फ डॉक्टरांचं, युद्ध चालू असताना सॉसेजच्या आवरणाची नळी लाकडी पिंपाला गुंडाळून रक्त शुद्ध केलं ते. ह्यांनी गळ्यातली माळ धरली. "मांसाच्या पिशवीतून?" अहो, सेलोफेन होतं, आतडं नव्हे! त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि मग माझ्याच तोंडून सीएपीडी, पोटातून करायचं डायलिसिस, निघालं. पोटात नळी, दिवसातून चार वेळा दोन लिटर पाणी आत घालायचं, चार-पाच तासांनी काढायचं, घरच्या घरी, वीजही लागत नाही. आमच्याकडे जुलैत वीज किती वेळ असते ते तुला माहीत आहे. हे एकदम ताठ बसले. "पोटातून होतं तर हात कशाला कापायचा?" आता तेच धरून बसलेत. कोल्हापूरला विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे फार कमी करतात. मला त्यातलं भय वेगळं आहे. पोटात इन्फेक्शन झालं, पिशवी गढूळ आली, की इथून घाट चढून जाईपर्यंत काय? शिवाय पखवाज पोटाशीच टेकतो, नळीच्या तोंडाशी घासणार. उलट मशीनवर जायचं तर आठवड्यातून तीनदा रत्नागिरी, चार-चार तास. महात्मा फुले योजनेत पैशाचं बसेल, पण जाऊन-येऊन सगळा दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशी माणूस गळून जातो. भजन तसंही सुटलंच म्हणायचं. लेक म्हणते, माझी किडनी घ्या. ती असं म्हणाली की हे उठून गोठ्यात जातात. माझी चालायची नाही, शुगर.

तू डायलिसिस युनिटला होतीस, मी कायम सर्जिकलला. म्हणून विचारते, खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. फिस्टुला असलेला कुणी तबला, पखवाज, ढोलकी वाजवणारा तुझ्याकडे होता का? डाव्या बाजूला कणीक लावून थाप मारतात, ती थाप फिस्टुलाला चालेल का? मनगटाऐवजी कोपराशी केला तर? की उजव्यालाच करावा? आणि सीएपीडीची माणसं तुम्ही किती काळ बघितलीत, खेड्यातली?

तुझं काय चाललंय? मोतीबिंदूचं झालं का? नातीचं नाव काय ठेवलं ते लेकाने ग्रुपवर टाकलं होतं, पण मला ते वाचताच आलं नाही, इतकं नवीन आहे. नाशिकला थंडी पडली असेल. बंगल्याचा वरचा मजला भाड्याने दिलास का?

एक कर. ह्यांना तूच फोन कर. माझं बोलणं बायकोचं, डॉक्टरांचं बोलणं डॉक्टरांचं, तुझं मात्र ऐकतात, आमच्या लग्नात तू त्यांना उखाण्यावरून फटकारलं होतंस तेव्हापासून घाबरतात. आधी भजनाचं विचार, मग खांद्याचं, मग हळूच हाताकडे ये. मी पत्र लिहिलं हे सांगू नकोस. रात्री आठनंतर कर, तोवर मंडळी ओटीवर असतात.

तुझी,
मंदा

ता. क. तुझ्या झाडाच्या कमरखांचं लोणचं ह्या वर्षी पाठवू नकोस गं. किडनी अशक्त असली की कमरख मेंदूवर जातं, उचकी लागते, फिट येते, माणूस दगावूही शकतो. हे बरणी उघडायची वाट बघत बसलेत. आवळ्याचंही नको, मिठामुळे. माझ्यापुरतं मिरचीचं चालेल.