पाऊस मोजायला गच्च्या हव्या आहेत

वस्तीतल्या सर्व काका-काकू, दादा-वहिनी आणि मुलांनो, सप्रेम नमस्कार.

यंदा मृग लागायच्या आत आपल्याला तीस गच्च्या, तीस माणसं आणि 35,650 रुपये हवे आहेत. वस्ती समितीचं आवाहन म्हटलं की लोक आधी गणपतीची वर्गणी समजतात, म्हणून सुरुवातीलाच सांगतो: ही वर्गणी पाऊस मोजण्यासाठी आहे. थोडं लांबण लागेल, कारण ही गोष्ट आपल्या गल्लीतून निघून समुद्रापर्यंत जाते आणि तिथून परत येते.

22 सप्टेंबर 2023 ला आपल्याकडे नागपुरात बहुतेक घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सवाष्णी, नातेवाईक. भांडीकुंडी आवरून निजायला बारा वाजले. कोपऱ्यावरच्या घरात तळमजल्यावर आजी एकट्या राहतात, वय 78. पहाटे पाय खाली टाकला तर पाणी घोट्याच्या वर. "मले वाटलं मोरीतला नळ चालू राह्यला जी," असं त्या नंतर सांगत होत्या. नळ बंद होता, पण पाणी खरंच मोरीतून येत होतं. गडरलाइन उलटी झाली होती. दारातून पाणी आलं ते त्यानंतर, आणि आलं ते थेट गुडघ्यापर्यंत. लाइट गेलेली. अंधारात महालक्ष्म्यांच्या कोठ्या एकमेकींवर आपटू लागल्या, तसे आजींनी आधी दोन्ही मुखवटे उचलून वरच्या फळीवर ठेवले आणि मग स्वतः दिवाणावर चढल्या. स्वयंपाकघरातला सिलिंडर तरंगत दारापर्यंत आला होता. वरच्या मजल्यावरच्या पोरांनी त्यांना पाठुंगळी मारून जिन्यात आणलं तेव्हा उजाडायला लागलं होतं.

त्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, बरोबर स्विचबोर्डाच्या खालच्या कडेला. दोनदा रंग दिला, तरी पावसाळ्यात ओल तिथपर्यंतच चढते.

त्या रात्री नागपुरात काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली, पंचशील चौकापर्यंत दाणादाण उडाली. पण आपण जो आकडा वर्तमानपत्रात वाचला तो सोनेगावच्या विमानतळावरचा. अंबाझरीच्या खालच्या अंगाला, नदीपासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या आपल्या वस्तीत नेमका किती पडला, कोणत्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त पडला, याची एका ओळीचीही नोंद आपल्याकडे नाही. जो तो आपल्या घरच्या पाण्यावरून अंदाज सांगतो, आणि दरवर्षी तो अंदाज दोन इंचांनी वाढतो.

पावसाचा लहरीपणा सगळ्यांना माहीत आहे, पण एक उदाहरण देण्यासारखं आहे. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73-74. शहर एक, दिवस एक, आणि फरक बारा-तेरा पट. फक्त कुलाब्याचा आकडा बघणाऱ्याला कळलंही नसतं की उपनगरं बुडाली आहेत. एका ठिकाणच्या मापावर शहर चालत नाही, हे त्या दिवशी मुंबईला फार महागात कळलं.

आता समुद्राकडे वळतो. समितीच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक काका म्हणाले, "नागपूरले कुठला आला समुद्र? फुटाळा तलावाची चौपाटी सोडून?" हसलो सगळे. पण आपल्या गच्चीवर पडणारं पाणी बहुतांशी समुद्राचंच असतं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत येतो आणि विदर्भात बरसतो. अरबी समुद्रावरून येणारं बाष्प त्याला जोड देतं. आणि पडलेलं पाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळून पुन्हा बंगालच्या उपसागरातच जातं. (जाताना आपण त्यात काय काय मिसळून देतो ते गोसीखुर्द धरणाच्या काठच्या लोकांना विचारा. तो वेगळा विषय आहे, आणि लाजेचा आहे.)

हा समुद्र तापतो आहे. पृथ्वीवर साठत चाललेल्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्रांनी पोटात घेतली आहे. त्यातही हिंदी महासागर पुढे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा 2020 चा अहवाल सांगतो की 1951 ते 2015 या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे 1 अंशाने तापला, आणि याच काळात जगभरच्या समुद्रांची सरासरी 0.7 अंश होती. एक अंश म्हणजे किती? आपण 45 अंशांत हिंडणारी माणसं, आपल्याला एका अंशाचं काय वाटणार! पण हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद साधारण 7 टक्क्यांनी वाढते. गरम कोरड्या हवेला पाण्याची तहान किती असते हे नागपूरकराला पुस्तकातून शिकायला नको. मे महिन्यात कूलरची टाकी दोनदा भरावी लागते आणि जुलैत तोच कूलर नुसता चिकचिक करतो. समुद्रावरची तापलेली हवा अशीच भरपूर पाणी पिऊन येते, आणि निमित्त मिळालं की एकाच ठिकाणी रितं करते.

मग पाऊस वाढला का? तर नाही, आणि इथंच गोम आहे. मान्सून चालतो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर. समुद्रच तापला की तो फरक कमी होतो आणि वाऱ्यांचा जोर ढिला पडतो. त्याच अहवालानुसार 1951 ते 2015 मध्ये देशाचा मान्सूनचा एकूण पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला. आणि मध्य भारतात एका दिवसात 150 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना मात्र सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिलं की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 पासून तिपटीने वाढल्या आहेत, आणि त्यासाठी लागणारं बाष्प अरबी समुद्रावरून जास्त प्रमाणात येऊ लागलं आहे. म्हणजे महिनाभराचा पगार रोज थोडा थोडा न मिळता कधी पंधरा दिवस उपास आणि मग एका रात्रीत सगळी रक्कम अंगावर. शेतकऱ्याच्या सोयाबीन-कपाशीला हा हिशेब परवडत नाही, आणि आपल्या नाल्यांनाही.

2023 हे त्याचं ठसठशीत वर्ष. प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं आणि असं झालं की आपल्याकडचा पाऊस बऱ्याचदा घटतो, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पोळा-मारबत झाली तरी पावसाची वाट बघणं चालू होतं. आणि सप्टेंबरात ती रात्र आली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या एका रात्रीचं सगळं खापर समुद्रावर फोडता येणार नाही. नदीचं पात्र आवळत कोणी आणलं? नाल्यांवर स्लॅब कोणी टाकले? सिमेंटचे रस्ते घरांच्या ओट्यांपेक्षा उंच झाले तेव्हा आपण सगळे रस्ता छान झाला म्हणून खूशच होतो. समुद्र पाणी देतो, ते घरात कसं शिरतं हे आपलं कर्तृत्व. दोन्ही बाजू बिघडत असताना आपल्या हातातली बाजू तरी धरावी, एवढंच समितीचं म्हणणं आहे.

समुद्राची पातळी वाढून नागपूर बुडणार नाही, आपण 300 मीटरहून जास्त उंचीवर आहोत. पण 1901 ते 2018 मध्ये जगाच्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटरने वाढली, आणि 1971 पासूनची जवळपास निम्मी वाढ ही नुसतं पाणी तापून फुगल्यामुळे आहे. दुचाकीची टाकी मे महिन्यात काठोकाठ भरू नका म्हणतात, तसंच. आपल्या वस्तीतली निदान पंधरा-वीस पोरं मुंबई-ठाण्यात भाड्याने राहतात. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की तिथलं पाणी समुद्रात उतरत नाही, हे त्यांच्या आयांना आता पाठ झालं आहे.

तर काय करायचं ठरलं आहे ते सांगतो.

वस्तीतल्या तीस गच्च्यांवर साधे, हाताने वाचायचे पर्जन्यमापक बसवायचे. रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यायचं, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो. म्हणजे आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवून बघता येईल. पण खरं काम रात्रीचं आहे. खात्याच्या मोजपट्टीवर 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे मुसळधार, आणि 204.4 च्या वर गेला तर अतिवृष्टीची सगळ्यात वरची पायरी. या पट्टीवर 100 मिलिमीटर चोवीस तासांत झिमझिम पडला काय आणि चार तासांत कोसळला काय, खाना एकच. गडरलाइनला मात्र तो फरक चांगला कळतो. म्हणून जोराचा पाऊस सुरू झाला की दर अर्ध्या तासाने निदान पाच गच्च्यांवर वाचन घ्यायचं. अर्ध्या तासात 20 मिलिमीटरच्या वर गेलं की तळमजल्यावरच्या बारा घरांना उठवायचं. ही मर्यादा आपण आपल्या अंदाजाने धरली आहे, दोन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की बदलू.

स्वयंचलित यंत्र का नको, असं काही तरुणांनी विचारलं. पैसे हे पहिलं कारण. दुसरं असं, की मे 2024 मध्ये आपल्याच शहरात एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवलं होतं, देशभर बातमी झाली, आणि शेवटी सेन्सरचा बिघाड निघाला. काचेच्या नळीत पाणी कुठवर आलं हे आठवीतली पोरगीही वाचू शकते, आणि ती चुकली तर शेजारच्या गच्चीवरून लगेच कळतं. जाणकार म्हणतील की गच्चीवर वाऱ्यामुळे थोडं पाणी कमी जमतं. खरं आहे. म्हणूनच मापक पाण्याच्या टाकीपासून आणि कठड्यापासून शक्य तितका लांब, मोकळ्यावर बसवायचा आहे. तीसपैकी तीन मापक अधूनमधून समाजमंदिराच्या मागच्या मैदानात जमिनीवरही ठेवू, ताडून बघायला.

मुलांसाठी एक गंमत. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. तुमच्या घराची गच्ची हजार चौरस फुटांची असेल तर 100 मिलिमीटर पावसात तिच्यावर सुमारे 9,300 लिटर पाणी पडतं. ते पाणी पाइपातून कुठे जातं, हे वाचनाच्या वहीत मागच्या पानावर प्रत्येकाने लिहायचं आहे. बहुतेकांच्या घरचं थेट रस्त्यावर जातं, माझ्याही.

हिशेब असा. तीस मापक, प्रत्येकी 950 रुपये, म्हणजे 28,500. स्टँड, स्क्रू आणि रंग 4,500. दोर, ट्यूब, मोठे टॉर्च आणि शिट्ट्या 11,800. वह्या आणि फलक 2,000. पंपाची दुरुस्ती 3,200. एकूण 50,000. समितीकडे शिल्लक 14,350, म्हणून 35,650 ची गरज आहे. पंपाबद्दल अनेकांनी विचारलं. मागच्या वर्गणीतून घेतलेला पंप पहिल्याच पावसात चालू झाला नाही. खरेदीच्या वेळी पाण्यात लावून बघितला नाही, ही चूक समितीची. यावेळी वस्तू सगळ्यांसमोर तपासून मगच पैसे देऊ, आणि हिशेबाचा कागद दर महिन्याच्या एक तारखेला समाजमंदिराच्या फलकावर लागेल.

जुने कपडे कृपया देऊ नका. 2023 ला इतके आले की ओल्या गठ्ठ्यांची विल्हेवाट लावायला दोन दिवस गेले. द्यायचंच असेल तर तळमजल्यावरच्या घरांसाठी लोखंडी मांडणी द्या, कमरेच्या वर सामान ठेवता येईल अशी. रंगारी काकांनी त्या रात्रीच्या पाण्याची रेघ वीस भिंतींवर निळ्या रंगाने फुकट मारून द्यायचं कबूल केलं आहे. ज्यांना आपल्या भिंतीवर ती नको असेल त्यांनी तसं सांगावं, जबरदस्ती नाही. आजींनी मात्र त्यांच्या भिंतीवर पहिली रेघ मारा असं बजावलं आहे.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत पण झोप कमी आहे, अशांची आम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे. निवृत्त मंडळींनी रात्री बारा ते तीनची पाळी घ्यावी ही खास विनंती. चहाची सोय ज्या त्या घरी.

येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता समाजमंदिरात या. वर्गणीची पावती तिथेच मिळेल, गच्चीचं नाव तिथेच लिहून घेऊ आणि पहिले दोन मापक त्याच दिवशी बसवू. घरी लांब शिडी असेल तर घेऊन या, समितीच्या शिडीच्या दोन पायऱ्या तुटल्या आहेत.

आपली,
वस्ती समिती