भिक्खुनी निवासाची खोली आषाढ पौर्णिमेच्या आत पूर्ण व्हायला हवी : महिला मंडळाचे आवाहन

सर्व उपासक-उपासिकांना सप्रेम जय भीम, नमो बुद्धाय.

विहाराच्या मागच्या अंगाला अर्धवट थांबलेलं बांधकाम जाता-येता सगळ्यांनी पाहिलंच आहे. कुणी त्याला स्टोअर रूम म्हणतं, कुणी वॉचमनची खोली. ती भिक्खुनी निवासाची खोली आहे. स्लॅब पडला आहे, प्लास्टर बाकी आहे, न्हाणीघर आणि शौचालय अजून जमिनीवर चुन्याने आखलेलंच आहे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे संघाचा पावसाळ्यातला एका जागीचा मुक्काम, सुरू होतो आणि यंदा दोन आर्याजींनी, म्हणजे भिक्खुनींनी, तीन महिने आपल्याकडे राहायचं मान्य केलं आहे.

दोघी कशाला, असं मीटिंगमध्ये विचारलं गेलं. विनयाप्रमाणे, म्हणजे संघाच्या आचारनियमांप्रमाणे, भिक्खुनीने एकटीने दुसऱ्या गावी जायचं नाही, रात्री एकटीने राहायचं नाही, म्हणून दोघी. वर्षावासात जवळपास भिक्खूही असावेत असा नियम आहे. पलीकडच्या वस्तीतल्या विहारात भंतेंचा मुक्काम ठरलेला आहे, त्यामुळे ती अडचण नाही. अडचण जागेचीच आहे. भंते येतात, हॉलमध्ये चटई टाकतात, भागतं. आर्याजींचं तसं भागत नाही. मागच्या खेपेला त्या एका उपासिकेच्या दोन खोल्यांच्या घरी उतरल्या आणि घरातली पुरुषमंडळी ओट्यावर झोपली. त्या उपासिकेचे आणि तिच्या घरच्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण पहाटे चारला उठणाऱ्या बाईंनी घर जागं होईपर्यंत न्हाणीसाठी ताटकळायचं, हे आपल्याला शोभत नाही. विहाराचं शौचालय पटांगणाच्या टोकाला आहे, आतून कडी लागत नाही. तिथल्या दिव्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

‘भंते आहेत ना, मग भिक्खुनी कशाला?’ हेही ऐकून झालं. बुद्धांना वाढवणाऱ्या त्यांच्या मावशी महाप्रजापती गौतमींनी संघात प्रवेश मागितला, तेव्हा त्यांनाही तीनदा नकार मिळाला होता. तरी केस उतरवून, काषाय वस्त्रं नेसून त्या शाक्य स्त्रियांसह कपिलवस्तूहून वैशालीला पायी गेल्या आणि सुजलेल्या पायांनी, धुळीने भरलेल्या अंगाने दाराबाहेर उभ्या राहिल्या. तेव्हा बुद्धांचे शिष्य आनंद यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली. थेरवाद परंपरेत शतकानुशतकं खंडलेला भिक्खुनी संघही १९९६ ला सारनाथला आणि १९९८ ला बोधगयेला उपसंपदा (पूर्ण दीक्षा) होऊन पुन्हा उभा राहिला आहे. प्रश्न आपण त्यांना दार उघडतो का एवढाच आहे.

मागच्या मुक्कामात आर्याजींनी थेरीगाथा, म्हणजे बुद्धकाळातल्या भिक्खुनींची कवनं, वाचून दाखवली. एकूण ७३, सगळी बायकांच्या तोंडची. उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा, या तीन वाकड्या गोष्टींतून सुटले असं मुत्ता थेरी म्हणते, तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या सत्तरी ओलांडलेल्या आज्या! पाळीत वंदनेला बसावं का, हे आजवर कुणी भंतेंना विचारलं नव्हतं. आर्याजींना विचारलं. त्या ‘बसा’ म्हणाल्या आणि पुढची गाथा वाचायला लागल्या. नवऱ्याची दारू, सुनेशी अबोला, मुलीचं मोडलेलं लग्न, जे बोलायला जागा नव्हती ते त्या दिवसांत बोललं गेलं.

मंडळाने आजवर काय केलं हे नव्याने सांगायला नको, तरी नव्या मंडळींसाठी लिहिते. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन आपल्याकडे बायकांनी चालू ठेवलंय. आपला नंबर आला की वाचता यावं म्हणून काही जणी प्रौढपणी अक्षरं शिकल्या. आपल्यातल्या दोघी आज बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावतात. हॉलची फरशी भिशीच्या पैशांतून झाली. ती भिशी धुणीभांडी करणाऱ्या बायकांची होती, कुणा साहेबांची नव्हे. पत्रे आणले ते निवृत्त शिक्षिकाबाईंनी, पेन्शनचा पहिला हप्ता हातात पडताच. एका आजींची आई २० जुलै १९४२ ला नागपूरला सुलोचनाबाई डोंगरेंच्या अध्यक्षतेखालच्या महिला परिषदेत बाबासाहेबांना ऐकून आली होती. त्या आजींनी पाया खोदायच्या दिवशी कनवटीचे पैसे काढून दिले आणि पावती घ्यायला नको म्हणाल्या. शेजारच्या गल्लीतल्या मिस्त्रीचाचांनी स्लॅबची मजुरी निम्मीच घेतली. या सगळ्यांचं ऋण आहे.

आणि एक बोलायचंच आहे. प्रवेशद्वाराच्या कमानीला वर्गणी आठवड्यात जमली. या खोलीचं आवाहन मागच्या वर्षी ग्रुपवर टाकलं तेव्हा हात जोडलेले फोटो भरपूर आले, पैसे मोजक्याच घरांतून आले. विहाराच्या दानफळ्यावर पाहा, बाईने दिलेलं दान नवऱ्याच्या नावावर लागलंय. नाशिकच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रींचं दान त्यांच्या नावाने कोरलेलं आहे. कान्हेरी, कुडा इथल्या लेखांत तर भिक्खुनींचीही नावं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर जमलं ते आपल्याला रंगाच्या डब्यात जमू नये? या खोलीच्या फळ्यावर जिने दिलं तिचंच नाव लागेल, असा ठराव झालेला आहे.

तपशील : एकूण अंदाज ३ लाख १० हजार रु., जमा १ लाख ८५ हजार, बाकी कामं : प्लास्टर, न्हाणी-शौचालय, दार-खिडक्या, वायरिंग, पाण्याची टाकी, दोन लोखंडी खाटा. रोख रक्कम कोषाध्यक्षांकडेच द्यावी व पावती घ्यावी (मुलांच्या हाती पाठवू नये). खाते क्रमांक व क्यूआर कोड विहाराच्या दर्शनी फळ्यावर. सिमेंट, टाइल्स, दार वस्तुरूपाने चालेल, पण आधी विचारावे. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर श्रमदान, घमेलं-फावडं असल्यास आणावे. वर्षावासातल्या भोजनदानाच्या तारखांची वही वेगळी आहे, ती अध्यक्षताईंकडे. हिशेब अश्विन पौर्णिमेला सर्वांसमोर वाचला जाईल.

आपली,
सचिव, महिला मंडळ

ता. क. – बंद पडलेले पंखे आणि जुन्या गाद्या कृपया दान देऊ नयेत. मागच्या वेळचे अजून माळ्यावर पडून आहेत.