व्ही-टूच्या सदोष एसटीएल फाइलबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 1:48 प्रमाणातील व्ही-टू क्षेपणास्त्राची सदोष फाइल; 649 रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

मागच्या महिन्यात मी तुमच्याकडून व्ही-टूची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन क्षेपणास्त्राची, थ्रीडी प्रिंटसाठीची (एसटीएल) फाइल घेतली. 3 ऑक्टोबर 1942 रोजी जर्मनीतल्या पेनेम्युंडे चाचणी केंद्रातून यशस्वीपणे उडालेल्या चाचणी रॉकेटची हुबेहूब प्रतिकृती, तीन तुकड्यांत, जोडायला सोपी, अशी तुमची जाहिरात होती.

फाइल स्लायसरमध्ये (प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडली तर अख्ख्या रॉकेटची उंची साडेअकरा मिलिमीटर! शर्टाच्या गुंडीएवढी. मूळ रॉकेट 14 मीटरचे, म्हणजे 1:48 ला सुमारे 292 मिमी हवे. तुम्ही फाइल इंचात बनवली आणि तसे कुठेही लिहिले नाही, म्हणून स्लायसरने ते आकडे मिलिमीटर धरले. 25.4 पटीने वाढवून ते मीच निस्तरले. एवढ्यावर भागले असते तर हे पत्र लिहिलेच नसते.

मधल्या तुकड्याचे खालचे तोंड 34.4 मिमी, शेपटीच्या तुकड्याचे वरचे तोंड 33. जोडावर नख फिरवले की अडकते. खुंटी 5 मिमीची आणि तिचे भोकही बरोबर 5 मिमीचे, मग ती आत जाणार कशी? मी कानशीने घासत बसलो, शेवटी ती तुटून आतच राहिली. पंखांच्या कडा 0.2 मिमी जाडीच्या आहेत. माझ्या प्रिंटरचे नोझल (प्लास्टिक बाहेर पडते ते तोंड) 0.4 मिमीचे, बहुतेकांचे तेच असते. स्लायसरने त्या कडा सरळ गाळल्या आणि चारही पंख उंदराने कुरतडल्यासारखे निघाले. रॉकेट वळवणाऱ्या, ज्वाळेच्या तोंडाशी असलेल्या ग्राफाइटच्या चार पट्ट्या फाइलमध्ये नाहीतच. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या रंगाचा आराखडाही कबूल करूनही दिलेला नाही. चाचणी रॉकेट ओळखायचे ते त्या रंगावरून!

दोन प्रयत्नांत एकोणीस तास आणि पाव किलोच्या आसपास फिलामेंट (छपाईची प्लास्टिकची तार) गेले. विकण्याआधी ही फाइल तुमच्याकडे कोणी एकदा तरी छापून पाहिली होती का?

तुमच्या प्रतिनिधीने ‘डिजिटल वस्तू परत घेतली जात नाही’ एवढे एका ओळीत कळवले. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार सदोष किंवा जाहिरातीबरहुकूम नसलेल्या मालाचे पैसे विक्रेत्याला नाकारता येत नाहीत. 15 दिवसांत रक्कम त्याच खात्यात जमा करावी, अन्यथा मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. दोन्ही प्रिंटचे, व्हर्नियर (मोजमापाचे साधन) लावलेले फोटो सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक

ता. क. सोबतच्या माहितीपत्रकात व्ही-टू 1942 मध्ये लंडनवर पडल्याचे छापले आहे. ती पडली 8 सप्टेंबर 1944 ला. ‘जर्मन कारागिरीचा चमत्कार’ हे शब्दही काढावेत. मिटेलवेर्क या जर्मनीतल्या भूमिगत कारखान्याच्या बोगद्यांत ही रॉकेटे डोरा छळछावणीतल्या कैद्यांकडून जुळवून घेतली जात होती.